मिसरातली वेचणी

दिवाळी तोंडावर आली की बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंतच्या रस्त्यावर बाभळींना कापूस लागतो. हसू नका, खरंच लागतो. खच्चून भरलेल्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनिंगकडे निघतात आणि बाजूच्या फांद्या त्यांच्या पोटातून जाता जाता मूठ मूठ ओरबाडून घेतात. पुण्याच्या एका पाहुण्याला मी सांगितलं होतं, की आमच्याकडं कापूस बाभळीलाच येतो, म्हणून वेचायला शिडी लागते, आणि शिडीवरून पडणाऱ्यांसाठी खाली आधीच वेचलेला कापूस पसरून ठेवतात. त्यानं गाडी थांबवून फोटो काढला. तो फोटो त्याच्या दिवाणखान्यात असेल, आणि त्याची नातवंडं त्यावरून कापसाचं झाड ओळखायला शिकत असतील. माझा इलाज नाही. काही माणसं विश्वास ठेवायला घरूनच तयार होऊन निघतात.

याच दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. "सर, यंदा फॅमिलीले घेऊन बाहेर देशात जाच म्हनून राह्यलो. टूरवाल्यासंगं जाऊ, का आपलं आपण?" अमरावती आणि अकोला या दोन गावांत मिळून या विषयातला मी एकमेव जाणकार समजला जातो. आता खरं सांगायला हरकत नाही, मी परदेशी गेलोय एकदाच. पण दहा वेळा जाऊन आलेल्याला कुठलं विमानतळ कुठलं ते आठवत नाही, आणि मला माझ्या एका प्रवासातली प्रत्येक चमच्याची खणखण आठवते. शाळेत भूगोल शिकवत होतो, त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टी पाहिल्यासारख्या सांगायची सवयही होती. कितीतरी वर्षं फळ्यावर मी नाईल नदी काढली. इतकी काढली की पावसाळ्यात तिला पूर यायचा आणि पहिल्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसायची.

तर तो हंगाम.

ती वर्षं आमच्या भागाला बरी नव्हती. पेपरात वऱ्हाडाचं नाव रोज यायचं, आणि ज्या कारणासाठी यायचं त्यामुळे सकाळी पेपर उघडायच्या आधी माणूस चहा संपवून घ्यायचा. बाहेरगावी अमरावती म्हटलं की लोक आवाज खाली आणायचे, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखे. अशा दिवसांत अमरावतीतल्या आमच्या घरी परदेशी जायची गोष्ट निघाली, आणि ती काढली आबांनी. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर अकोल्यात सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात हात घालायचा, मूठभर काढायचा, चिमटीत धरून ओढायचा, धागे एकावर एक जुळवून पुन्हा ओढायचा, आणि ग्रेड सांगायची. हंगामात केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग इतकी लांब असायची, की एकदा तिचं शेपूट शोधायला सायकलवर धाडलेला शिपाई दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आला. पोरपणी मला वाटायचं, आबा म्हणजे राजे आहेत. त्यांनी हात वर केला की शेकडो माणसं गप्प होतात. मोठेपणी कळलं की ती माणसं श्वास धरून उभी असायची. वर्षभराचा घाम आबांच्या दोन बोटांत ओढला जात असायचा.

निवृत्त झाल्यावर आबांनी कापसाला हात लावायचा सोडला. अकोट रस्त्याला आमचं थोडं वावर आहे, चुलतभाऊ कसतो. वेचणीला आबा जायचे, पण धुऱ्यावर, बांधावरच उभे राहायचे, हात पाठीमागं बांधून. आईनं एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "हात घातला का समोरच्याचं तोंड दिसते."

त्यांचे एक दोस्त होते रशीदभाई, रुईचे दलाल. रशीदभाईंनी तरुणपणी कधीतरी कागदाच्या पुडीतून मिसरी कापसाचा एक पुंजका दाखवला होता. मिसर म्हणजे इजिप्त. हातात घेतला तर रेशीम, ओढला तर संपायचं नाव नाही. तेव्हापासून आबांच्या डोक्यात ते झाड उगवलं होतं. त्या दसऱ्याला सोनं देऊन झालं, आणि आबा चहा पिता पिता म्हणाले, "सुधाकर, मले मिसरचा कापूस झाडावर पाहाचा हाय. आपल्या हातानं बोंडातून काढाचा हाय. ज्याले ग्रेड द्याची नाई असा कापूस एक डाव हातात घेऊन पाहू दे."

आबांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. साधा पाण्याचा पेलासुद्धा ते स्वतः उठून घ्यायचे. त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच उरला नाही. उरलं ते फक्त कसं जायचं, आणि त्यावर आमच्या घरात असं युद्ध पेटलं की शेजाऱ्यांनी दिवाळीचे फटाके वाजवले नाहीत, आमचेच ऐकले.

आई टूरच्या बाजूची. तिचं म्हणणं सरळ होतं. परक्या मुलखात माणूस माणसांत पाहिजे. जेवण आपलं पाहिजे. दुखलंखुपलं तर मराठीत कण्हता आलं पाहिजे. "तिथं जाऊन मी काय उंटासंगं बोलू?" माझी मुलगी मनू तेव्हा कॉलेजात होती आणि सायबर कॅफेतून रोज कागदांची चळत छापून आणायची. ती आपलं आपण जायच्या बाजूची. "आजी, टूर म्हणजे शाळेची सहल असते. शिटी वाजली की बसमध्ये बसायचं." माझी बायको वर्षा अकोल्याची, दोन्ही गावांचं ऐकून शेवटी आपलंच करणारी. तिला एवढंच हवं होतं की सुटीत सकाळी कुणी तिला उठवू नये. मी कुणाच्या बाजूचा होतो? ज्या खोलीत असेन त्या खोलीतल्यांच्या. स्वयंपाकघरात टूर, गच्चीवर स्वातंत्र्य, आणि न्हाणीघरात एकटा असताना शेगावला जाऊन यावं असंही वाटायचं.

आबा मात्र प्रत्येकाला एकच विचारायचे. मनूनं कागद दाखवला, "कापूस दिसन का?" आईनं टूरवाल्यांचं रंगीत पुस्तक पुढं केलं, "याच्यात कापूस कुठी हाय?" पुस्तकात पिरॅमिड होते, ममी होत्या, नाचणाऱ्या बायका होत्या. कापूस नव्हता.

शेवटी आई जिंकली, कारण रडायची तयारी तिचीच सर्वांत जास्त होती. टूर ठरली. मी आबांना म्हटलं, काळजी करू नका, कैरोहून अलेक्झांड्रियाला जाताना नाईलचा सगळा त्रिभुज प्रदेश लागतो, कापसाचं माहेरच ते, बस दोन्ही बाजूंनी कापसातूनच जाईल. इतक्या आत्मविश्वासानं म्हटलं की मलाही ते खरं वाटलं. भूगोलाच्या मास्तरावर घरचे लोक तरी विश्वास ठेवतात.

आणि आता कबूल करतो, टूरमध्ये सुख असतं. पहिल्याच दिवशी कैरोत मला कळलं की बॅग कुठं आहे, पासपोर्ट कुठं आहे, आपण कुठं आहोत, यातलं काहीच आपल्याला माहीत असायची गरज नाही. आमची टूर मॅनेजर प्राजक्ता म्हणून एक सडपातळ मुलगी होती, पुण्याची. ती चाळीसेक म्हाताऱ्याकोताऱ्यांना अशी हाकायची की पिरॅमिडसमोरचे उंट तिच्याकडं आदरानं पाहायचे. सोबत स्वयंपाकी होते. ज्या देशात पाऊस पडत नाही त्या देशात मी आळूची भाजी खाल्लीय. स्फिंक्सच्या समोर बसून थालीपीठ खाल्लंय, आणि मी शपथेवर सांगतो, त्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं पाहिलंय. नाक त्याचं आधीच गेलंय म्हणून बरं, नाहीतर उठून आला असता.

बसमध्ये ठाणे होतं, नाशिक होतं, पुणे भरपूर होतं. वऱ्हाडातले आम्हीच. ओळख करून देताना मी अमरावती म्हटलं आणि बसमध्ये तो ओळखीचा आवाज खाली आला. ठाण्याच्या एक काकू हळूच म्हणाल्या, "अरेरे, तिकडं फारच कठीण आहे ना हो?" आणि आईच्या हातात बेसनाचा लाडू ठेवला. नंतर नाशिकच्या काकांनी चिवडा दिला. दुसऱ्या दिवसापर्यंत आमच्या सीटवर इतका फराळ जमला की वर्षा म्हणाली, "आपण घरून आणलेले डबे आता उंटायले द्या लागतीन." आईनं मात्र दया घेऊन ठेवली नाही. तिनं सांडग्या मिरच्यांचा डबा उघडला आणि बसभर वाटला. ठाण्याच्या काकू मिरची खाऊन इतका वेळ गप्प होत्या की प्राजक्तानं दोनदा डोकी मोजली. त्यानंतर आई त्या बसची महाराणी झाली. माईक तिच्या हातात, भजनं तिची, भेंड्या तिच्या.

मग अलेक्झांड्रियाचा दिवस उगवला. आबा सगळ्यांच्या आधी बसमध्ये जाऊन खिडकीशी बसले. स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा घातलेला. बस निघाली, शहर संपलं आणि वाळू सुरू झाली. मी म्हटलं, संपेल. नाही संपली. वाळू, मग जाहिरातीचा फलक, मग पुन्हा वाळू. शेवटी मी प्राजक्ताला विचारलं.

"सर, आपण वाळवंटातल्या हायवेनं जातोय," ती म्हणाली. "शेतांमधून दुसरा रस्ता जातो, जुना. पण तिकडं ट्रॅक्टर, गाढवगाड्या, ट्रक. टूरच्या बस त्या रस्त्यानं जात नाहीत."

"परत येतानी?"

"परत येतानाही हाच. परवानगी ह्याच रस्त्याची असते सर. उद्या संध्याकाळी कैरोहून पुढचं विमान आहे, मी रिस्क नाही घेऊ शकत."

पोरगी बरोबर बोलत होती, हाच तर त्रास होता. मी जागेवर येऊन बसलो. आबांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर पाहत राहिले, वाळूकडे, जसं तिच्यातून कुठंतरी हिरवं फुटेल. पुढं आई माईकवर रंगात आली होती. गवळण संपवून पाण्याची बाटली घ्यायला ती मागं आली, आणि आबांचा चेहरा पाहून तिथंच थांबली. बसच्या हेलकाव्यात दोन सीटा धरून उभी राहिली. मग माईक मागायला आलेल्या काकूंना म्हणाली, "आता तुमी गा."

अलेक्झांड्रियात समुद्र पाहिला. छान होता, समुद्र असतोच छान. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आईनं माझ्या ताटातली इडली बाजूला सरकवली.

"सुधाकर, एक गाडी पाहा. आज आमी बसनं नाई येत."

"आई, तूच तं टूर पाहिजे म्हनत होती."

"म्हनत होती. आता नाई म्हनत. त्या मानसानं जल्मात पहिल्यांदा काई मागतलं, आन् आपण त्याले रेती दाखवून राह्यलो."

मनूनं त्या क्षणी आजीच्या गालाचा जो मुका घेतला तो हॉटेलच्या स्वागतकक्षापर्यंत ऐकू गेला. वर्षा गाडी ठरवायला गेली. मी प्राजक्ताकडे गेलो, तोंड असं करून, की चोरी करून आलेल्या मांजरानंही शिकवणी लावावी. तिनं आधी नाही म्हटलं, मग नियम सांगितला, मग माझ्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. तिकडं आबा पांढऱ्या सदऱ्यात दाराशी उभे होते. तिनं विचारलं, "कापसासाठी?" मी म्हटलं, "कापसासाठी." ती स्वयंपाक्याकडं गेली आणि बसमध्ये दुपारी वाटायचा दहीभात आमच्यापुरता डब्यांत भरून घेऊन आली. "विमानतळाला निघायच्या आत कैरोच्या हॉटेलवर पोचा सर. मी थांबू शकणार नाही." आवाज कडक होता, पण डब्यावर तळलेली मिरची जास्तीची होती.

ड्रायव्हरचं नाव महमूद. त्याला इंग्रजी थोडं यायचं आणि हिंदी सिनेमांमुळं हिंदीतलं प्रेम आणि बदला एवढं व्यवस्थित यायचं. मधल्या गोष्टींसाठी हात होते. गाडी शेतांच्या रस्त्याला लागली आणि आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो. काळी माती. पाटाचं पाणी. गाढवावर हिरवा चारा आणि चाऱ्यावर बसलेला म्हातारा. रस्त्यात मध्येच ट्रॅक्टर उभा करून दोघं गप्पा मारणारे, आणि मागं हॉर्न वाजवणाऱ्याकडं 'तुले काय घाई' असं पाहणारे. वर्षा म्हणाली, "दर्यापूरच्या रस्त्यावर आलो का काय आपण?"

पण कापूस दिसेना. घरांच्या गच्च्यांवर वाळलेल्या काड्यांचे ढीग दिसायला लागले. आबा खिडकीतून पाहून म्हणाले, "पऱ्हाट्या हायेत." कापूस वेचून झाला की झाडं उपटून आपल्याकडं जळणाला ठेवतात, तशाच. म्हणजे इथला हंगाम संपत आला होता. एकामागून एक वावरं मोकळी. मी पाठ्यपुस्तकातला नकाशा आठवत होतो. त्या नकाशावर मी स्वतः कापसाची हिरवी टिंबं द्यायला पोरांना शिकवलं होतं. टिंबं उपटून नेली होती कुणीतरी.

आणि मग महमूदनं एका पाटाच्या वळणावर गाडी हळू केली आणि बोट दाखवलं. एक उशिराचं वावर. उंच, काळपट हिरवी झाडं आणि त्यांवर उघडलेली बोंडं. बाया वेचत होत्या, झग्याचा पुढचा भाग कमरेला खोचून ओटी केलेली, अगदी आपल्या बायांसारखी. पायघोळ झगा घातलेला एक शेतकरी पाटाच्या कडेला पोत्यावर बसला होता.

इथं माझ्या जिभेनं घात केला. आबांची ओळख साधी कशी करून द्यायची? मी महमूदला म्हटलं, याला सांग, हे माझे वडील, हिंदुस्थानातले कापसाचे फार मोठे सरकारी साहेब. यांनी हात लावला की कापसाची किंमत ठरते. महमूदनं त्यात सिनेमातलं काहीतरी घालून ते सांगितलं असणार, कारण शेतकरी ताडकन उभा राहिला. त्यानं वेचलेल्या कापसाच्या पोत्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि पोत्याचं तोंड हातानं दाबून धरलं. मग भरभर काहीतरी बोलला. बायांचे हात थांबले.

"काय म्हणतो?" मनूनं विचारलं.

महमूद खजील होऊन म्हणाला, "म्हणतो, व्यापाऱ्याचा माणूस आज सकाळीच येऊन गेला. आता भाव अजून किती खाली आणाल."

मी आबांकडे पाहिलं. ते त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होते. जे तोंड पाहायला नको म्हणून त्यांनी घरच्या कापसाला हात लावायचं सोडलं होतं, तेच तोंड समुद्र ओलांडून त्यांच्यासमोर आलं होतं, आणि आणलं होतं मी. आबांचे हात पाठीमागं गेले. "चाल सुधाकर," ते म्हणाले. "पाहून झालं. चांगला हाय कापूस." आणि गाडीकडे वळले.

मी काय बोललो असतो? आणखी एक थाप?

आईनं गाडीतून दहीभाताचा डबा काढला, चपला पाटाच्या कडेला सोडल्या आणि अनवाणी सरळ वावरात शिरली. आपल्याकडं वेचणी सुरू होताना सीतादही करतात. घरची बाई वावरात खडे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभाताचा नैवेद्य दाखवते, चार दिशांना शितं टाकते, आणि मग पहिलं बोंड वेचायचं. त्या वर्षी आमच्या वावरातली सीतादही आईच्या हातून चुकली होती, टूरच्या तारखांमुळं. तिनं धुऱ्याजवळचे खडे गोळा केले, पदरानं पुसले, ओळीनं मांडले.

"अहो आई, ह्यायची शेवटची वेचणी हाय," वर्षा हळूच म्हणाली. "सीतादही पहिल्या वेचणीले करतेत."

"पहिली असो का शेवटची. कोनं केलीच नसन तं आपण करून घेऊ. वावराले काय समजते अमरावतीचं का मिसरचं?"

हळदकुंकवाची डबी तिच्या पर्समध्ये होतीच, ती सोबत असल्याशिवाय आई शेजारच्या गल्लीतही जात नाही. तिनं खड्यांना बोटं लावली, दहीभात ठेवला, डोळे मिटले. मग उठून मूठ मूठ शितं चारी दिशांना टाकली. वेचणाऱ्या बाया जवळ आल्या. एका म्हातारीनं त्या खड्यांकडं, त्या भाताकडं, आईच्या चिखलानं भरलेल्या पावलांकडं बराच वेळ पाहिलं. मग तिनं आईच्या पायांकडं बोट दाखवून शेतकऱ्याला काहीतरी सांगितलं. महमूद म्हणाला, "म्हणते, साहेबाच्या बायका अशा चालत नाहीत. ही शेतातली बाई आहे." आणि त्या म्हातारीनं जीभ हलवून असा लांबलचक आनंदाचा चीत्कार काढला की पाटातली बदकं उडाली, आणि माझा अंदाज आहे ती अजून खाली बसली नाहीत.

शेतकऱ्यानं पोत्यावरचा हात काढला. तो आबांजवळ आला, एक अर्धवट उघडलेलं बोंड तोडलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर फोडलं. आत गुलाबी अळी, सुस्त, जेवून झोपलेली. तो आबांकडे पाहत राहिला. त्या पाहण्याला महमूदची गरज नव्हती. बघा साहेब, असं हे आहे.

आणि आबा हसले. सुरुवातीला खोकल्यासारखं, मग पोट धरून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे, हे तं आपलीच हाय," ते म्हणाले. "हे तं इथंबी हाय. सुधाकर, पाह्यना, आपल्या वावरातलीच बोंडअळी. ह्याचंबी खाऊन राह्यली." शेतकऱ्यालाही हसू फुटलं. दोन माणसं एवढ्याशा किड्यावर अशी हसताना मी पुन्हा कुठं पाहिली नाहीत. त्या हसण्यात आबांचा हात पाठीमागून पुढं आला. त्या माणसानं दुसरं बोंड दाखवलं, चांगलं, पूर्ण उघडलेलं. आबांनी ते पाचही बोटांनी धरलं आणि कापूस बाहेर ओढला. पांढराशुभ्र, लांब, संपता संपत नव्हता. ते ओढून जुळवायला गेले नाहीत. नुसता तळहातावर ठेवून पाहत राहिले.

मग त्यांनी सदऱ्याचा पुढचा भाग धरून ओटी केली आणि वेचायला लागले.

आता मी इथं थोडा थांबतो, कारण फोन करून विचारणाऱ्यांना जे हवं असतं ते इथं आहे. टूर की आपलं आपण? त्या वावरात उभा राहून मला एवढं दिसलं, की आईनं ज्या भातानं सीतादही केली तो टूरवाल्यांनी शिजवलेला होता. आपलं आपण गेलो असतो तर आमच्या डब्यात तिथली कोरडी पोळी असती आणि वावरात टाकायला शितं नसती. आणि टूरच्या बसमध्ये बसून राहिलो असतो तर तो भात आम्ही वाळवंटातल्या एखाद्या पेट्रोलपंपावर खाल्ला असता. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना हो किंवा नाही पाहिजे असतं. मग मी विचारतो, घरातल्या ज्यानं कधीच काही मागितलं नाही, त्याला काय पाहायचंय ते विचारलं का?

महमूद घड्याळ दाखवायला लागला. मी आबांना हाक मारली. ऐकायला तयार नाहीत. दुसऱ्यांदा मारली तेव्हा आई बायांच्या ओळीतूनच, कंबरेला पदर खोचून वेचता वेचता, म्हणाली, "ओळ पुरी होऊ दे. ओळ अर्धी सोडून वावरातून निघत नसतेत." तर ओळ पुरी झाली. मनूनं अर्ध्या ओळीपर्यंत मदत केली, वर्षानं शेवटच्या झाडांपाशी, आणि मी दोन बोंडं वेचली, जी सांगताना आता पोतंभर होतात. आबांनी सगळा कापूस त्या माणसाच्या पोत्यात रिकामा केला. सोबत एक बोंडही घेतलं नाही. शेतकऱ्यानं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून बराच वेळ हलवले आणि त्यानं म्हटलेलं काही महमूदनं आम्हाला सांगितलं नाही. तो डोळे पुसत गाडी काढत होता.

कैरोच्या गर्दीत आम्ही असे अडकलो की मी मनात अस्वान, लक्सर आणि विमान तिन्हींना नमस्कार करून टाकला. हॉटेलसमोर पोचलो तेव्हा निघायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. आणि बस उभी होती.

काय झालं ते नंतर वर्षाला नाशिकच्या काकूंनी सांगितलं. निघायची वेळ झाली तेव्हा ठाण्याच्या काकूंना एकदम आठवलं की चष्मा खोलीत राहिला. तो सापडेपर्यंत त्यांच्या यजमानांना पोटाचा त्रास सुरू झाला. ते बरे झाले तेव्हा नाशिकच्या काकांना पासपोर्ट सापडेना, आणि तो त्यांच्याच खिशातून निघाला तोवर पुण्याच्या दोघी बहिणी बाथरूमला गेल्या होत्या आणि त्यातली एक आतून कडी निघत नाही म्हणत होती. प्राजक्ता प्रत्येक वेळी घड्याळाकडं पाहून 'आता मात्र शेवटचं' म्हणत होती आणि पुढच्या माणसाकडं पाहत होती, आता तुमचं काय हरवलं म्हणून. आमची कीव करणारी ती माणसं. कीव मला तेव्हा खुपली होती. आज वाटतं, तिला करायला काही काम मिळालं नव्हतं तोवरच ती कीव होती.

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. सोबत आणलेलं काहीच नाही घरात, एक फोटो आहे तोही आईच्या पाठीचा, कारण मनूचा हात हलला. मला त्याची गरज पडत नाही. रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या झाल्या की आबा पुन्हा त्या बसच्या पायऱ्या चढतात. पांढऱ्या सदऱ्याला मातीचे डाग, टोपी वाकडी, आणि सगळी बस उभी राहिलेली. वाळक्या बोंडांच्या टोकांनी त्यांच्या बोटांना बारीक ओरखडे आले होते, दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं. ठाण्याच्या काकूंनी ते पाहिलं आणि आपल्या पर्समधलं मलम शोधायला लागल्या.

"आबा, सांगा तर खरं," त्या म्हणाल्या. "जगातला सगळ्यात भारी कापूस म्हणे तो. कसा होता?"

आबांनी हात उलटा केला, सुलटा केला, बोटांकडं निरखून पाहिलं. इतकी वर्षं लोक त्यांच्या तोंडाकडं श्वास धरून पाहायचे, तसेच ते सगळे पाहत होते.

"आपल्यासारखाच टोचते," आबा म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन बसले, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून.